गोवा जनमत कौल, १९६७

गोवा जनमत कौल हे १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेले मतदान होय. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा ठेवावा, हा प्रश्न त्यात थेट मतदारांपुढे ठेवण्यात आला.

१९६३ च्या विधानसभा निवडणुकीनंतर विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. हा विजय म्हणजेच विलीनीकरणाचा कौल, अशी त्याची भूमिका होती. विरोधी युनायटेड गोअन्स पक्षाला ती अमान्य होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार राज्यांची पुनर्रचना हा संसदेचा अधिकार असून घटनेत सार्वमताची तरतूद नाही. त्यामुळे संसदेने १९६६ मध्ये जनमत कौलासाठी स्वतंत्र कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, तर विरोधात १,७२,१९१ मते पडली. मात्र त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. पक्षाला दिलेले मत म्हणजे त्याच्या प्रत्येक धोरणाला दिलेली संमती नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे ५६ वी घटनादुरुस्ती होऊन ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला.