घराण्याचे नाव आधी की सत्ता आधी?

अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले आणि निजामशाही पुन्हा चर्चेत आली. पण ‘निजामशाही’ हे नाव मुळात आले कोठून, हे कोणी विचारले काय? आम्हाला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

मलिक अहमदने १४९० साली बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ साली भिंगारजवळ हे शहर वसवायला घेतले. निजाम हे त्याचे कुळ नव्हे. त्याचा बाप मलिक हसन याला बहमनी दरबाराने ‘निजाम-उल्-मुल्क’ म्हणजे राज्याची व्यवस्था लावणारा, असा किताब दिला होता. मुलाने तो पुढे चालवला आणि त्याला ‘शहा’ जोडले. वऱ्हाडची इमादशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही हीसुद्धा अशीच किताबांवरून पडलेली नावे.

हा मलिक हसन कोण? काही काळ नगर दरबारी राहिलेला इतिहासकार फरिश्ता सांगतो की, तो मूळचा ब्राह्मणाचा मुलगा. घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, सुलतानाचा गुलाम म्हणून वाढला. बापाचे नाव भैरव, त्यावरूनच त्याला ‘बहरी’ म्हणू लागले. पुढे याच निजामशाहीचा कारभार मलिक अंबर या हबशी गुलामाने १६२६ पर्यंत, मरेपर्यंत सांभाळला. गुलामगिरी म्हणजे समता नव्हे, हे आम्ही जाणतो. पण जन्माने ठरवलेली पायरी पक्की नसते, एवढे तर यातून दिसतेच.

आता दुसरी बाजू पाहा. संगमनेरला शके ९२२ चा, म्हणजे इ. स. १००० चा, दुसऱ्या भिल्लमाचा ताम्रपट सापडला आहे. हे घराणे सेउण राजांचे. सेउणचंद्र राजावरून त्यांच्या मुलखाला सेउणदेश म्हणत. पण प्रशस्ती लिहिणाऱ्यांनी त्यांचे कुळ थेट पुराणातल्या यदूला नेऊन भिडवले आणि ते ‘यादव’ झाले. बहमनींनीही असेच केले. त्यांनी आपले नाते इराणच्या बहमन राजाशी जोडले.

१६७४ साली शिवाजी महाराजांसारख्या पराक्रमी राजालाही राज्याभिषेकासाठी क्षत्रियत्वाची वंशावळ दाखवावी लागली. बाबासाहेबांनी १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात या राज्याभिषेकाची चिकित्सा केली आहे.

म्हणजे सत्ता आधी आली, वंशावळ मागून. राजाला ती लिहवून घेता आली, पण गावाची सीव राखणाऱ्या आमच्या पूर्वजांच्या नावापुढे दप्तराने फक्त जात लिहिली. तेव्हा कोणी थोर घराण्याचा दाखला पुढे केला, तर आपण एवढेच विचारावे: हा कोणी लिहिला, कोणाच्या पैशाने लिहिला आणि तो लिहिताना कोणाची नावे गाळली?