अर्धांगवायु आणि रक्तदाबाची राखण

गेल्या वर्षीं माझ्या वडील बंधूंना माझ्यादेखत अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा अडखळली. घरच्या यंत्रावर रक्तदाब दोनशेंच्या वर! मी घाबरून दाबाची गोळी पाण्यांत कालवून पाजूं लागलों, तों त्यांना जोराचा ठसका लागला. त्या दिवशीं मी तीन चुका केल्या. या पहिल्या दोन.

मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें २० टक्के तो एकटा घेतो. बहुतेक झटके रक्तवाहिनींत गुठळी अडकल्यानें येतात, थोडे वाहिनी फुटल्यानें. गुठळीपलीकडील गाभा लवकर मरतो. सभोंवारचा भाग मात्र शेजारच्या बारीक वाहिन्यांतील रक्तावर कांहीं काळ तग धरतो. मुख्य पाट तुंबला असतां वाफ्याला चरांतून पाणी मिळावें, तशी ही स्थिति. निरोगी वाहिन्या आकुंचन-प्रसरण पावून प्रवाह सारखा राखतात. या भागांत ती शक्ति उरत नाहीं. दाब एकदम उतरला कीं चरहि आटले! शिवाय झटक्यानें गिळण्याची क्रिया बिघडते आणि औषध श्वासनलिकेंत जाऊं शकतें.

रुग्णालयांत प्रथम सी. टी. स्कॅन करून गुठळी कीं रक्तस्राव हें पाहतात. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा उपयोग १९९५ सालीं अमेरिकेंतील चाचणींत सिद्ध झाला. तें सहसा साडेचार तासांच्या आंत देतात. मात्र त्यापूर्वीं दाब १८५/११० च्या खालीं हवा आणि पुढें २४ तास १८०/१०५ च्या वर जाऊं नये, नाहीं तर रक्तस्रावाची भीति. हें औषध किंवा गुठळी काढण्याचा उपाय करावयाचा नसेल, तर २२०/१२० पर्यंतचा दाब बहुधा तसाच राहूं देतात. बंधूंचा दाब डॉक्टरांनीं शिरेंतून औषध देऊन, मोजून-मापून उतरविला.

नंतर परिचारिका पहिले २ तास दर १५ मिनिटांनीं, पुढें ६ तास दर अर्ध्या तासानें आणि मग २४ तास पुरे होईपर्यंत दर तासाला दाब मोजीत होती. जोडीला हृदयाचा आलेख होता, कारण हृदयाची अनियमित गति हें गुठळीचें मूळ असूं शकतें. बोटाचा चिमटा रक्तांतील प्राणवायु दाखवीत होता. “त्यांना जरा झोपूं द्या,” म्हणून मी तिच्यावर रागावलों. ही तिसरी चूक.

तोंड वांकडें, हात लुळा, बोलणें अडखळतें असें दिसतांच तोंडानें कांहीं देऊं नका; रोगी शेवटीं बरा केव्हां होता ती वेळ टिपा आणि महाराष्ट्रांत १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. बंधु आज काठीनें चालतात; शब्द अजून अडतात. गोळी कालविण्यांत गेलेलीं तीं मिनिटें मला परत मिळणार नाहींत. आपलीं आपण जपा.