कंसातला ‘ओ’

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवीत आहे. एक अनुस्वार गळला तर अर्थाचा कसा अनर्थ होतो, हे दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचे आणि मागच्या बाकावरच्या जांभया मोजायच्या, हा माझा परिपाठ. पण कंसात बसलेल्या एका अक्षरासाठी पदरचे पंचवीस हजार रुपये मोजण्याची पाळी माझ्यावर येईल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्या उत्तम पार पडल्या. पण रिक्षात चढणे तिला जमेना, आणि मोटारीत बसायचे तर पाय मोकळे सोडता येतील अशी पुढचीच जागा लागू लागली. भाऊबीजेला वाईला मामांकडे जाणे हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. तो लागोपाठ दोन वर्षे चुकला. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. “पुढच्या वर्षी बघू,” असे अशा वेळी म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा वेतनफरकाची थकबाकी, हिची भिशी आणि मोडलेली एक मुदत ठेव मिळून ४ लाखांची पुंजी जमली आणि जुनी का होईना, पण गाडी घ्यायचे ठरले.

गाडी कोणती, याबद्दल घरात वाद झाला नाही. वॅगनआर उंच असते. तिच्यात वाकून शिरावे लागत नाही की उठताना कोणाचा हात मागावा लागत नाही. गुडघेदुखीच्या माणसाला एवढे शिफारसपत्र पुरे. १९९९ च्या डिसेंबरात ही गाडी आपल्याकडे आली. २०१० मध्ये तिला नवे इंजिन मिळाले आणि जानेवारी २०१९ मध्ये ती अंगाने अधिक रुंद होऊन नव्या रूपात अवतरली. आम्हांला हवी होती ती ही तिसरी. आम्ही समजलो, निम्मे काम झाले. वास्तविक खरे काम तेथून पुढेच होते. कारण ‘वॅगनआर’ हे एका गाडीचे नाव नसून एका एकत्र कुटुंबाचे आडनाव आहे!

या कुटुंबात थोरली पाती तीन: एलएक्सआय, व्हीएक्सआय आणि झेडएक्सआय. २०१९ सालची एलएक्सआय एक लिटरच्या, म्हणजे ९९८ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरी इंजिनाची. झेडएक्सआय ११९७ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनाची. आणि मधली व्हीएक्सआय दोन्ही इंजिनांत मिळणारी. एलएक्सआय काटकसरी, झेडएक्सआय नटवी आणि व्हीएक्सआय आपल्यासारखी मध्यमवर्गीय, असे मी मनाशी समीकरण बांधले आणि बाजारात उतरलो.

पहिल्याच दुकानात एक पांढरीशुभ्र गाडी आमची वाटच पाहत उभी होती. झगमगती अ‍ॅलॉय चाके, आत बोटाने चालणारा पडदा, आसनांवर तपकिरी कातडे. “साहेब, टॉप मॉडेल! झेडएक्सआय समजा,” दुकानदार म्हणाला. मी भारावून मान डोलवीत होतो, तोच मागच्या आसनावरून हिचा आवाज आला, “अहो, झेडएक्सआयला काच खाली करायला हाताने फिरवायची दांडी असते का हो?”

दुकानदाराने लगबगीने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. नोंदणीपुस्तिका मागितली, तर तीत स्वच्छ ‘एलएक्सआय’ लिहिलेले. चाके, पडदा, कातडे, सगळा साज मागाहून चढवलेला. पुढे कळले की २०१९ च्या वॅगनआरला कारखान्यातून अ‍ॅलॉय चाके येतच नव्हती. म्हणजे ज्या दागिन्याला आम्ही भुललो, तोच खरा पुरावा होता. तेव्हा वाचकहो, पहिला धडा हा: विकणाऱ्याच्या तोंडी ‘समजा’ हा शब्द आला की आपण काहीही समजू नये, नोंदणीपुस्तिका वाचावी. चाके बदलता येतात, पुस्तिकेतले मॉडेलचे नाव सहजी बदलत नाही.

मग शेजारचे बँकवाले काका मदतीला धावले. त्यांचा आग्रह सीएनजीचा. पैशांचा हिशोब त्यांनी असा मांडला, की पेट्रोल भरणारा प्रत्येक मनुष्य मला उधळ्या वाटू लागला. रोज पन्नास-साठ किलोमीटर जाणाऱ्याला तो हिशोब खराही आहे. कारखान्यातून बसवलेली सीएनजी वॅगनआर पाहायलाही गेलो. सामानाची जागा पेट्रोलच्या गाडीत ३४१ लिटरची. येथे ६० लिटर पाण्याच्या मापाची टाकी ऐसपैस पसरलेली. आईची घडीची चाकांची खुर्ची आम्ही उभी ठेवून पाहिली, आडवी ठेवून पाहिली, तिरकी घुसवून पाहिली. आई शांतपणे म्हणाली, “अरे, मी वाईला आणि माझी खुर्ची पुण्याला, असं कसं चालेल?” काकांचा हिशोब तेथेच मिटला.

तरीही ज्याला सीएनजी घ्यायचीच आहे, त्याने दोन गोष्टी पाहाव्यात. इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद आहे ना, आणि टाकीची दर ३ वर्षांनी करावयाची दाबचाचणी वेळेवर झाली आहे ना. बाहेर बसवून घेतलेल्या, नोंद नसलेल्या टाकीची गाडी स्वस्त मिळते. ती स्वस्त का मिळते, हे विमा कंपनी अपघातानंतर समजावून सांगते.

आपोआप गिअर बदलणारी गाडीही चालवून पाहिली. चालवून पाहिली ती अर्थात हिने. माझ्याजवळ परवाना आहे, पण घरच्यांचा विश्वास नाही. क्लच दाबायचा नसल्यामुळे शहरातल्या गर्दीत पायाला मोठा आराम. मात्र गिअर पडताना गाडी किंचित अडखळते. शिकाऊ वक्ता वाक्याच्या मध्येच थांबतो ना, तशी! हिला ते रुचले नाही. ज्याचा डावा पाय दुखतो, त्याला खुशाल रुचावे.

सरतेशेवटी दोन गाड्या उरल्या. दोन्ही २०२० सालच्या, एक लिटरच्या, व्हीएक्सआय, एकाच मालकाच्या. पहिली निळी, अंगावर ओरखडा नाही, आतून अत्तराचा वास, किंमत पावणेचार लाख. दुसरी करड्या रंगाची. डाव्या दारावर पोचा, आसनावर कोणा बाळाने सांडलेल्या दुधाचा नकाशा, आणि किंमत पूर्ण ४ लाख! मला हा उघड अन्याय वाटला. मी पुस्तिका ताडून पाहिल्या. निळीच्या नावापुढे ‘व्हीएक्सआय’. करडीच्या नावापुढे ‘व्हीएक्सआय (ओ)’.

“हा कंसातला ओ कशाचा?” मी विचारले.

“काही नाही सर, बाजूच्या सीटची एअरबॅग. आजवर कुणाची फुगलेली पाहिलीय तुम्ही?”

तेव्हा मी घरी येऊन माहिती काढली. चालकासमोरची हवेची पिशवी सरकारने जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची केली. शेजारच्या आसनासमोरची मात्र, आधीपासून बाजारात असलेल्या गाड्यांना, २०२१ च्या अखेरीपर्यंत ऐच्छिक राहिली. म्हणजे २०१९ ते २०२१ या काळातल्या एलएक्सआय आणि व्हीएक्सआय गाड्यांत ज्या मालकाने थोडे पैसे अधिक मोजले, त्याच्या नावापुढे हा ‘ओ’ लागला. ज्याने वाचवले, त्याच्या डाव्या बाजूला नुसते प्लास्टिक. झेडएक्सआयला ती पिशवी मुळातच होती. ग्लोबल एनकॅपच्या २०१९ च्या धडक-चाचणीत या गाडीला पाचपैकी दोनच तारे मिळाले होते. म्हणजे आहे त्यात आणखी वजाबाकी करण्यासारखी परिस्थिती नव्हे.

मी तरीही पंचवीस हजारांपाशी घोटाळत होतो. पंचवीस हजारांत विमा झाला असता, टायर आले असते. ही भाकरी थापता थापता एवढेच म्हणाली, “त्या सीटवर बसणार कोण आहे?”

मी काही बोललो नाही. आई आतल्या खोलीत होती. तिने ऐकले की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन करडी गाडी तपासायला गेलो. त्यांनी सांगून ठेवले होते, की आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू देऊ नका. थंड इंजिन खरे बोलते. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो विझला नाही तर बिघाड, आणि मुळीच लागला नाही तर बनवाबनवी! आमचा लागला आणि विझला. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर ‘एअरबॅग’ अशी अक्षरे कोरलेली होती. त्यांवरून मी नकळत बोट फिरवले. सर्व्हिसच्या नोंदींतले किलोमीटर मीटरशी जुळले. टायरवरच्या चार आकड्यांवरून ते कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनले, हेही मिस्त्रींनी वाचून दाखवले. पोच्याबद्दल म्हणाले, “सर, हे वरचं आहे. आतला खांब सरळ आहे.” माणसांबद्दलही असे खात्रीने सांगणारा कोणी भेटला तर काय बहार होईल!

पुढे कागदपत्रे. अर्ज २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या. पहिल्या मालकाचे कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि अर्ज ३५. आणि १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर. विम्यातली ‘नो क्लेम’ सवलत मालकाबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही, हे ध्यानात ठेवावे. विकणारा ती किमतीत धरून दाखवतो.

गाडी घरी आली त्या दिवशी आईने तिला हळदकुंकू लावले आणि पोच्यावरून हात फिरवीत म्हणाली, “असू दे. मलाही टाके आहेतच.” मग पुढच्या आसनावर बसून तिने पट्टा ओढला. पट्टा लावला तरच त्या पिशवीचा खरा उपयोग, हे मी तिला पाठ्यपुस्तकी मराठीत समजावू लागलो, तर म्हणाली, “माहीत आहे. भिंती पातळ आहेत आपल्या.”

वाईला फोन झाला आहे. मामांनी विचारले म्हणे, गाडी कोणती घेतली? आई म्हणाली, “वॅगनआर. पण कंसातली!” मामांना काही उमगले नसावे. भाऊबीजेला खंबाटकी ओलांडून पोचलो, की ती स्वतःच त्यांना समजावून सांगणार आहे.