वाडी सत्पात्री द्यायची तर...

अलिबाग-नागाव-रेवदंड्याकडे नारळी-पोफळीची वाडी इथे असते आणि वारस अनेकदा मुंबईत किंवा परदेशात. मग त्यातलं काही वृद्धसेवेला द्यावं, असा विचार घरात निघतो. रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ नेऱ्याचं ‘शांतिवन’ आणि नेरळची डिग्निटी फाउंडेशनची ज्येष्ठांची वसाहत ही परिचित नावं.

जुना दाखला : पुण्यातला ‘निवारा’ वृद्धाश्रम. डेव्हिड ससून यांच्या दानातून १८६३ मध्ये तो उभा राहिला आणि आजही सुरू आहे.

मृत्युपत्र : साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. नोंदणी ऐच्छिक असली तरी केलेली बरी. भारतीय वारसा कायदा, १९२५ नुसार किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच.

सामाईक वाडी : सातबाऱ्यावर भावंडांची नावं असतील, तर दान फक्त स्वतःच्या हिश्श्याचं करता येतं.

शेतजमीन : इथे खरी मेख. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे ती बिगरशेतकरी संस्थेला परवानगीशिवाय देता येत नाही. गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच बंधन मृत्युपत्रालाही लागू केलं. त्यामुळे आधी वकिलाला कागद दाखवावेत.

संस्था : धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब पाहावेत. न्यासाला मिळालेली स्थावर मालमत्ता पुढे विकायची, तर आयुक्तांची मंजुरी लागते.

हयातीतली देणगी : ‘८०जी’ची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात बसत नाही. धनादेश द्यावा, पावती जपावी.