'सुप्रजा' कोणाची?

'युजेनिक्स' हा शब्द फ्रान्सिस गाल्टन ह्या इंग्रज गृहस्थाने १८८३ साली घडवला. ग्रीकमधून त्याचा अर्थ निघतो तो 'चांगल्या कुळात जन्मलेला' असा. मराठी पंडितांनी त्याचे 'सुप्रजाजननशास्त्र' केले आणि मूळ शब्दातले कूळ नजरेआड झाले. सुदृढ संतती कोणाला नको असते? पण गाल्टनचा प्रश्न आरोग्याचा नव्हता, कुळाचाच होता. १८६९ च्या आपल्या ग्रंथात त्याने न्यायाधीश, सेनानी, कवी ह्यांच्या वंशावळी जमवल्या आणि कर्तबगारी रक्तातून येते असा निष्कर्ष काढला. न्यायाधीशाच्या मुलाला घरात पुस्तके असतात, ओळखी असतात, पोटभर अन्न असते, ह्याला त्याच्या हिशेबात फारशी जागा नव्हती. हा युक्तिवाद आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे तो शेकडो वर्षे संस्कृतात चालत आला आहे.

विद्यार्थी मला विचारतात, हे हिटलरचे शास्त्र ना? मी त्यांना आधी अमेरिकेत नेतो. 'अयोग्य' ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करणारा पहिला कायदा १९०७ साली इंडियाना राज्यात झाला. पुढे अनेक राज्यांनी तो कित्ता गिरवला आणि साठ हजारांहून अधिक माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी एकीची हकीकत नीट समजून घेण्यासारखी आहे.

कॅरी बक ही व्हर्जिनियातील गरीब गोरी मुलगी. आई सरकारी संस्थेत डांबलेली, म्हणून मुलगी दुसऱ्याच्या घरी वाढली, तिथली कामे करीत. त्या घरच्या नातेवाइकाने तिच्यावर बलात्कार केला. ती गरोदर राहिली, तेव्हा घराने आपली अब्रू वाचवली आणि तिला 'मंदबुद्धी' ठरवून आईच्याच संस्थेत धाडले. १९२४ च्या नव्या नसबंदी कायद्याची परीक्षा पाहण्यासाठी तिचा खटला उभा करण्यात आला. हॅरी लाफलिन ह्या तज्ज्ञाने तिला एकदाही न पाहता तिच्या निकृष्ट वंशाबद्दल साक्ष दिली. तिचा वकील त्याच संस्थेच्या संचालक मंडळावर राहिलेला माणूस होता! २ मे १९२७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिची शस्त्रक्रिया झाली. तिसरी पिढीही मंदच, असे जिच्याविषयी गृहीत धरले होते ती कॅरीची मुलगी शाळेत हुशार मुलांच्या यादीत झळकली. आठव्या वर्षी ती आजाराने वारली. कॅरीची बहीण डोरिस हिला तर अपेंडिक्सचे ऑपरेशन म्हणून सांगितले गेले होते. मूल का होत नाही ह्याचे उत्तर तिला म्हातारपणी मिळाले.

आणखी एक गोष्ट. ज्या दिवशी, म्हणजे २० मार्च १९२४ रोजी, व्हर्जिनियाने नसबंदीचा कायदा केला, त्याच दिवशी गोऱ्यांनी अन्य वर्णीयांशी लग्न करू नये असाही कायदा केला. रोटीबेटीतल्या बेटीचे बंधन आणि सुप्रजेचे शास्त्र एकाच दिवशी, एकाच सभागृहातून बाहेर पडले. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

जर्मनीने १४ जुलै १९३३ रोजी केलेल्या कायद्यात ह्याच लाफलिनच्या मसुद्याचा आधार होता. हायडेलबर्ग विद्यापीठाने १९३६ साली त्याला सन्माननीय डॉक्टरेटही दिली. सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. १९३९ पासून रुग्णांची आणि अपंगांची सरळ हत्याच सुरू झाली. ह्याआधी काही वर्षे बर्लिनच्या मानववंशसंस्थेत ऑयगेन फिशर ह्याच्या हाताखाली आपल्या इरावती कर्वे शिकत होत्या. गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाची खूण कवटीच्या ठेवणीत सापडेल ही गुरूची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्याच्याशी संबंध नाही असे लिहून दिले. विशीतल्या परदेशी विद्यार्थिनीला हे सोपे गेले नसणार.

महाराष्ट्रातही हे वारे होते. ना. सी. फडके ह्यांनी १९२७ साली भारतात सुप्रजाजननाची चळवळ हवी असे सांगणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. जातीच्या समर्थकांना तर आयते हत्यार मिळाले. धर्माचा आधार डळमळू लागला तेव्हा ते म्हणू लागले, जात म्हणजे पूर्वजांनी केलेली रक्ताची जोपासना. ह्याला बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दिलेले उत्तर आजही शिळे झालेले नाही. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, मग शुद्ध कोणते रक्त राखले? आधुनिक शास्त्रज्ञांनाही आनुवंशिकता पुरती उलगडलेली नाही, मग प्राचीनांना ती कशी कळली? जात फक्त बाहेर लग्न करू नका म्हणते, आत कोणी कोणाशी करावे ह्याची निवड ती करीतच नाही. आणि रक्ताचाच प्रश्न असेल तर सहभोजनाला बंदी कशासाठी? जेवणाने रक्त बिघडते काय? ह्या शेवटच्या प्रश्नापुढे सगळे 'शास्त्र' गळून पडते.

संततिनियमनाला मात्र बाबासाहेबांचा विरोध नव्हता. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत त्यांच्या वतीने पी. जे. रोहम ह्यांनी तसा ठराव मांडला. गर्भ धारण करावा की नाही हे स्त्रीच्या इच्छेवर असावे, ही त्यातली भूमिका. ठराव फेटाळला गेला. फरक कुठे आहे तो पाहा. इथे निर्णय बाईचा आहे. व्हर्जिनियात तो संस्थेचा होता.

१९७६ साली, आणीबाणीत, ह्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झाले नाही. त्यामागे वंशसुधाराची भाषा नव्हती, लोकसंख्येची होती. पण सक्ती कोणाच्या वस्तीत पोचली असती हे कार्यकर्त्यांना विचारायला नको. आणि १९९४ साली शिरूरच्या सरकारी निवासगृहातल्या, मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. स्त्री संघटनांनी विरोध केल्यावर राहिलेल्या शस्त्रक्रिया थांबवण्यात आल्या.