हवा एकच, बोलणारे शंभर

पुण्यात सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतून चालताना जिन्यांच्या तोंडाशी पाट्या लटकलेल्या दिसतात: ‘कॉट बेसिसवर जागा’, ‘अभ्यासिका – एसी, लॉकर, आरओ पाणी, वायफाय’. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुलं या पाट्या वाचून जागा ठरवतात. वायफाय असतंही, पण रात्री नऊनंतर ते रडायला लागतं. तक्रारी वाढल्या की मालक प्लॅन वाढवतो, शंभर एमबीपीएसचे दोनशे, मग तीनशे. बिल वाढतं, तक्रार तशीच राहते. आता साधा हिशेब मांडून बघा. एका व्हिडिओ लेक्चरला तीन एमबीपीएस पुष्कळ झाले. साठ मुलं एकाच क्षणी लेक्चर बघत बसली, तरी १८० एमबीपीएस लागतील. म्हणजे दोनशेची लाइन पुरायला हवी, आणि तरीही पुरत नाही. अशा इमारतींत बहुतेक वेळा रस्त्यावरून येणारी लाइन कमी पडत नसते. खोलीतली हवा कमी पडत असते, आणि प्लॅन वाढवून हवा वाढत नाही.

हवा कमी पडते म्हणजे काय, हे वाड्यातल्या सामायिक नळावरून लवकर कळतं. वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. प्रत्येक फोन आधी कानोसा घेतो, शांतता असेल तरच आपलं माहितीचं पाकीट पाठवतो. ही शिस्त नसेल तर काय होतं, ते १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी उभारलेल्या अलोहानेटने दाखवलं आहे. तिथे ज्याला वाटेल त्याने बोलावं, अशी रीत होती. त्या रीतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जेमतेम अठरा टक्के कामी येऊ शकतात, बाकीची क्षमता टकरींत आणि वाट बघण्यात जाते. वायफायमध्ये शिस्त आहे, पण रांग टळलेली नाही. रांगेत खरा घोळ घालतो तो लांबचा फोन. १५०० बाइटचं एक पाकीट ५४ एमबीपीएसच्या दराने पाठवायला एका मिलिसेकंदाचा जेमतेम चौथा हिस्सा लागतो. तेच पाकीट शेवटच्या खोलीतला, लोखंडी कपाटाआडचा फोन १ एमबीपीएसने पाठवू लागला, तर बारा मिलिसेकंद जातात. नळाखाली एकाने चिंचोळ्या तोंडाची कळशी लावली की मागचे सगळे ताटकळतात, तसंच हे. हा १ एमबीपीएसचा दर १९९७ च्या पहिल्या वायफायपासून चालत आला आहे. बहुतेक राउटरांच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात तो आजही चालू असतो, कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन बंद करेपर्यंत.

यावर दुकानात मिळणारा सल्ला म्हणजे चार अँटेनांचा, लांब रेंजचा दणकट राउटर. या सल्ल्याने दुखणं वाढतं. गच्चीवर लाउडस्पीकर लावला तर आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल, पण टोकावरच्या माणसाचं उत्तर गच्चीवर ऐकू येणार नाही. फोनची प्रक्षेपणशक्ती त्याच्या बॅटरीइतकीच मर्यादित. म्हणून स्क्रीनवर पट्ट्या पूर्ण भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. शिवाय २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. पेठेत भिंतीला भिंत लागून घरं. तुमचा राउटर जितका जोरात ओरडेल, तितके शेजारचे चार राउटर तुमच्या रांगेत येऊन उभे राहतील. खरी सोय ५ गिगाहर्ट्झमध्ये आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त केला, त्यामुळे चॅनल भरपूर आहेत. ‘पण ते भिंतीपलीकडे जात नाही,’ अशी कुरकुर असते. गर्दीच्या इमारतीत हाच त्याचा गुण आहे. एका खोलीतली बडबड भिंतीने अडली की पलीकडच्या खोलीत तोच चॅनल पुन्हा वापरता येतो. त्यासाठी एका मोठ्या राउटरऐवजी मंद आवाजातले अनेक अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायच्या छोट्या पेट्या, लागतात, दर तीन-चार खोल्यांमागे एक, आणि तेही खोलीत. पॅसेजमध्ये ओळीने लावले तर ते लांबवर एकमेकांनाच ऐकत बसतात आणि खोलीतल्या मुलाच्या वाट्याला दोन भिंती येतात.

इतके पॉइंट लावायचे तर प्रत्येकापर्यंत केबल न्यावी लागते, आणि इथेच पैसे वाचवण्याचा मोह होतो. रिपीटर स्वस्त पडतो, भिंत फोडावी लागत नाही. पण साधा रिपीटर तेच पाकीट त्याच चॅनलवर दुसऱ्यांदा बोलतो, म्हणजे आधीच अपुऱ्या हवेतली निम्मी तोच खातो. केबल ओढणाऱ्या माणसाचं काम जवळून बघितलं तर पैसा कुठे मुरतो ते दिसतं. तो वरचं आवरण सोलतो, पिळाच्या चार जोड्या मोकळ्या करतो आणि तारा रंगाने लावतो: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू द्यायचा नाही, नाहीतर जोड्यांचे सिग्नल एकमेकींत मिसळतात. मग आठही तारा एका रेषेत कापून प्लगमध्ये सरकवायच्या आणि क्रिंपिंगची पक्कड दाबायची. कारागीर चोख असला तरी तार खोटी असू शकते. बाजारात कॅट सिक्स या दर्जाच्या नेटवर्क केबलच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार सर्रास विकली जाते. पात्याने खरवडली की आत चंदेरी रंग दिसतो. याच तारेतून अॅक्सेस पॉइंटला वीजही जाते. मुलाम्याच्या तारेवर व्होल्टेज पडतं, आणि पॉइंट ऐन गर्दीच्या वेळी बंद होऊन पुन्हा चालू होत राहतो.

हवा आणि तार नीट असूनही कधी कधी फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ यावरच अडकतो. घरगुती राउटरच्या एका जाळ्यात साधारणपणे २५४ पत्ते मावतात. शंभर मुलांचे फोन आणि लॅपटॉप मिळून दोनशे झाले. त्यात रोजची येजा, आणि गेलेल्या फोनचा पत्ता मुदत संपेपर्यंत अडकून पडतो. पत्त्यांची मर्यादा वाढवणं आणि मुदत काही तासांवर आणणं, हे पाच मिनिटांचं, बिनखर्चाचं काम आहे. दुसरं कारण शोधायला अवघड. कुणीतरी घरून आणलेला राउटर भिंतीवरच्या जॅकमध्ये खुपसतो, तोही पत्ते वाटू लागतो, आणि अर्ध्या मजल्याला चुकीचा दरवाजा दाखवला जातो. चांगल्या स्विचमध्ये असे परके पत्ते अडवण्याची सोय असते. ती चालू करायला हवी.

‘मुलं रील्स बघतात, ते बंद करा, नेट आपोआप सुटेल,’ असं मालक म्हणतात. लेक्चरही यूट्यूबवरच असतं, तेव्हा कात्री कुठे चालवणार? एकाचं मोठं डाउनलोड सगळ्यांना अडवतं ही तक्रार मात्र खरी आहे. त्यावरचा इलाज म्हणजे राउटरमध्ये प्रत्येकाची वेगळी रांग लावून पाळीपाळीने पाकिटं सोडणं. ही पद्धत आता खुली आहे आणि अनेक राउटरांत तयार मिळते. दुसरा आक्षेप असा की प्रत्येकाकडे मोबाइल डेटा आहेच. तीन एमबीपीएसचं एक तासाचं लेक्चर सुमारे १.३५ जीबी खातं, त्यामुळे दिवसाला दीड जीबीचा पॅक दुपारपर्यंत आटोपतो. आणि जुन्या वाड्याच्या जाड भिंतींत, तळघरातल्या अभ्यासिकेत मोबाइलचा सिग्नलही धड येत नाही. खर्चाचा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे, केबलचं काम महागच पडतं. पण कॅट सिक्सचं मानक २००२ चं आहे आणि ती तार शंभर मीटरपर्यंत आजही सुखाने १ जीबीपीएस वाहते. या काळात वायफायच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या! पॉइंट बदलतील, तार राहील. दरमहा वाढवलेल्या प्लॅनचे पैसे मात्र कायमचे गेले.

गावाकडून महिन्याला पैसे मागवून इथे राहणाऱ्या मुलाने पाटीवरचं ‘वायफाय’ वाचून अनामत भरलेली असते. म्हणून अभ्यासिका आणि वसतिगृहं चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पुढचा प्लॅन घेण्याआधी शेवटच्या खोलीत, कपाटाशेजारच्या कॉटवर बसून रात्री नऊला एक लेक्चर लावून बघा. आणि यंदा रंगकाम काढणार असाल, तर रंगाऱ्याच्या आधी केबलवाल्याला बोलवा.