तासिकेवर शिकवणाऱ्या आपल्या मुलामुलींनी पुढच्या पायरीची तयारी कशी करावी?

आपल्या बिरादरीतील बरीच मुलंमुली आता एमए, एमएस्सी होऊन कॉलेजात शिकवू लागली आहेत. घरात 'प्राध्यापक' म्हणून मान मिळतो, पण नेमणूक असते तासिका तत्त्वावर. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, आणि नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती. सुट्टीच्या महिन्यांत हात रिकामे. अब्बा-अम्मी विचारतात, "बेटा, कायम कधी होणार?" या प्रश्नाचे उत्तर नुसत्या वाट पाहण्यात नाही. आम्ही शाळेत शिकवतो. आमचेच जुने विद्यार्थी या वाटेवर अडकलेले दिसतात, म्हणून हे लिहीत आहोत.

तासिकेवरची वर्षे धरली जातात का?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी किंवा तात्पुरती सेवा पुढच्या पदोन्नतीसाठी धरण्याची सोय आहे, पण अटी कडक आहेत. पात्रता कायम पदासाठी लागते तीच हवी. निवड रीतसर निवड समितीकडून झालेली हवी. आणि पगार कायम सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नको. तासिकेवरचे बहुतेक जण या शेवटच्या अटीवरच अडतात. म्हणजे दहा वर्षे शिकवले तरी पदोन्नतीच्या हिशेबात ती शून्य धरली जाऊ शकतात. कडू आहे, पण घरच्यांनी हे समजून घ्यावे. खरी पदोन्नती म्हणजे आधी कायम पदावर निवड होणे.

मुलाखतीपर्यंत पोहोचण्याचा हिशेब

याच नियमांत कॉलेजच्या सहायक प्राध्यापक पदासाठी मुलाखतीला कोणाला बोलवायचे, याचा गुणतक्ता आहे. पीएच.डी.ला २५ गुण, जेआरएफसह नेटला १०, नेटला ८, सेटला ५. शोधनिबंधाला प्रत्येकी २, पण जास्तीत जास्त ६. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०.

आता बघा, अनुभवाचे गुण पाच वर्षांत संपतात. सहाव्या वर्षापासून नुसते तास घेत राहिले तर तक्त्यात एकही गुण वाढत नाही. पीएच.डी. मात्र एकदम २५ गुण देते. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांतच पीएच.डी.ची नोंदणी करावी. तासिकेचा अनुभव कसा मोजायचा आणि मुलाखतीला किती वजन द्यायचे, हे जाहिरातीत आणि शासन निर्णयात प्रत्येक वेळी नीट वाचावे, कारण नियम बदलत राहतात.

३० जून २०२३ च्या अधिसूचनेनुसार सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. सक्तीची नाही. सहायक प्राध्यापक पात्रतेसाठी नेट-सेटला वयाची कमाल मर्यादा नाही. लग्न, मुलंबाळं यामुळे मागे राहिलेल्या आपल्या लेकीसुनांनी हे लक्षात ठेवावे. उर्दू विषयातही दोन्ही परीक्षा देता येतात.

कागद जपा

आपल्याकडे मेहनत खूप होते, पण कागद सापडत नाहीत. एक फाइल करावी आणि तिच्यात दरवर्षी हे टाकावे: जाहिरातीची प्रत, नेमणुकीचा आदेश, विद्यापीठाची मान्यता, वेळापत्रक, मानधन जमा झाल्याचे बँक पासबुक. अनुभवाच्या दाखल्यावर तारखा, विषय आणि आठवड्याचे तास लिहून घ्यावेत. दाखला वर्ष संपताच मागावा. प्राचार्य बदलले की मग फेऱ्या मारणे नशिबी येते.

मोमीन, पिंजारी अशा ओबीसी यादीतील जमातींच्या उमेदवारांनी जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर दाखला आधीच काढून ठेवावा. ओबीसी नॉन-क्रिमिलेअरला पदव्युत्तर पदवीत ५५ ऐवजी ५० टक्के चालतात. जाहिरात आल्यावर धावपळ केली तर मुदत निघून जाते.

पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. गुणांची कमाल ६ च आहे. तीन चांगले निबंध पुरतात.

कायम झाल्यावर

सहायक प्राध्यापकाची सुरुवात लेव्हल १० ला, मूळ वेतन ५७,७०० रुपये. पीएच.डी. असेल तर ४ वर्षांनी लेव्हल ११ साठी पात्र होता येते, एम.फिल. असेल तर ५ आणि दोन्ही नसेल तर ६ वर्षांनी. त्यासाठी उद्बोधन वर्गासारखे ठरवून दिलेले अभ्यासक्रमही पूर्ण करावे लागतात. पीएच.डी.चा फायदा इथेही मिळतो.

घरच्यांना एवढीच विनंती: मुलगा किंवा सून अभ्यासाला बसली की तिला रोज दोन तास मोकळे द्या. आणि पाच वर्षांनंतरही नेट-सेट किंवा पीएच.डी. काहीच हाती नसेल, तर बीएड, स्पर्धा परीक्षा किंवा दुसरा रोजगार यांचा विचार घरात बसून मोकळेपणाने करा. त्यात कमीपणा काही नाही. शिकलेला इल्म वाया जात नाही, वर्षे मात्र परत येत नाहीत.